पहिलटकरणीचं बाळ

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गजवळ, अणदूर नावाचं गाव आहे. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या रुग्णालयात २००८ ते २०१४ या सात वर्षांत झालेल्या बाळंतपणांच्या नोंदी डॉ. आनंद अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१७ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले. नोंदी ६५५ जिवंत जन्मांच्या होत्या. त्यांतले ६.१ टक्के जन्म दिवस भरण्याआधीचे होते, आणि पुरे दिवस भरून जन्मलेल्या बाळांपैकी १३.८ टक्के बाळं अडीच किलोच्या आतली होती. आई बावीस वर्षांपेक्षा लहान असेल तर बाळ कमी वजनाचं असण्याचा धोका सुमारे दुप्पट आणि दिवसांआधी जन्मण्याचा धोका सुमारे तिप्पट दिसला. याहून बोलका निष्कर्ष पुढचा होता. आधी एकदा तरी गरोदर राहिलेल्या बायकांमध्ये हे दोन्ही धोके पहिलटकरणींपेक्षा कमी होते, मग त्यांचं वय काहीही असो. हा एका रुग्णालयाचा अभ्यास आहे. तिथे जाऊन बाळंत व्हायचं असं ज्या बायकांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी ठरवलं, त्यांचाच हिशेब त्यात आला. तरीही मराठवाड्याच्या खेड्यांतल्या नवजात बाळांबद्दल छापील आकडे इतके थोडे आहेत की या ६५५ नोंदींना त्यांच्या संख्येपेक्षा जास्त मोल आहे. पहिलं मूल लहान का, मुलगी मुलापेक्षा हलकी का, आणि या दोन ‘का’ची उत्तरं एकाच जातीची आहेत का, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. माझं म्हणणं असं की ती एका जातीची नाहीत. मुलीचं हलकं असणं हा निसर्गाचा हिशेब आहे. पहिल्या बाळाचं हलकं असणं मात्र आपल्याकडे निसर्गापेक्षा बरंच जास्त आपल्या घरांचं काम आहे.

आधी निसर्गाचा वाटा मोजून घेऊ, कारण तोही आहेच. जगातल्या कुठल्याही देशात पहिलं मूल सरासरीने दुसऱ्यापेक्षा हलकं भरतं. सुखवस्तू देशांतही पहिल्या आणि दुसऱ्या बाळात शंभर ग्रॅमच्या आसपास फरक असतो. दुसऱ्यानंतर वाढ होते ती अगदी थोडी. याचं कारण गर्भाशयाच्या रक्तपुरवठ्यात शोधलं जातं. गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत रक्त आणणाऱ्या बारीक पिळदार धमन्या असतात. गर्भ रुजला की वारेच्या पेशी या धमन्यांच्या भिंतींत शिरतात, त्यांचा स्नायूंचा थर मोडतात, आणि अरुंद धमनी रुंद व सैल होते. आईचं रक्त मग जोर न लावता वारेपर्यंत पोचतं. बाळंतपणानंतर या धमन्या पुन्हा आकसतात, पण पूर्वीसारख्या होत नाहीत. शेतात पहिल्या वर्षी चारी खणावी लागते, पुढच्या वर्षी तीच जरा साफ केली की पाणी धावतं, तसाच हा प्रकार. गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा विकार पहिल्या खेपेलाच अधिक दिसतो, तोही या चित्रात बसतो, कारण त्या विकाराच्या मुळाशी या धमन्यांचं अपुरं रुंदावणंच असतं. तेव्हा खेड्यातली सुईण ‘पहिलं बाळ बारीकच असतं’ म्हणायची, त्यात तथ्य होतं. अडचण एवढीच की ‘किती बारीक’ हा प्रश्न त्या वाक्यामागे दडून राहतो.

मुलगा-मुलगी हा दुसरा फरक. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची मानकं प्रसिद्ध केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली बाळं त्यासाठी मोजली होती, आणि ती सगळी अशा घरांतली होती जिथे वाढीला आडकाठी नव्हती. त्या मानकांत जन्माच्या वेळी मुलाचं मध्यवर्ती वजन ३.३ किलो आणि मुलीचं ३.२ किलो येतं. लांबी अनुक्रमे ४९.९ आणि ४९.१ सेंटिमीटर, डोक्याचा घेर ३४.५ आणि ३३.९. म्हणजे आईच्या ताटात काही कमी नसतानाही मुलगी शंभरेक ग्रॅमने हलकी आणि पाऊण सेंटिमीटरने आखूड असते. शिवाय दोघांच्या वजनाची घडणही वेगळी. मुलाच्या वजनात स्नायू आणि हाडं जास्त, मुलीच्या वजनात कातडीखालची चरबी तुलनेने जास्त. मुलगा गर्भातच जास्त वेगाने वाढतो, आणि हा वेग तो जपून वापरत नाही. ब्रिटनचे डेव्हिड बार्कर आणि फिनलंडचे योहान एरिक्सन यांनी २०१० मध्ये दाखवलं की मुलाची वार त्याच्या शरीराच्या मानाने लहान असते. थोड्या वारेतून तो जास्त काम काढून घेतो. आईचं पोषण नीट चाललं असेल तोवर हा व्यवहार फायद्याचा, पण मध्येच रसद तुटली तर त्याच्याकडे शिल्लक फार नसते. दिवसांआधी जन्मणं, फुप्फुसं अपक्व असणं, पहिल्या महिन्यात दगावणं या सगळ्यांत मुलगे पुढे असतात. निसर्गाने मुलीला शंभर ग्रॅम कमी दिले आणि सावधपणा जास्त दिला, असं म्हणता येईल.

हे मान्य केलं की दवाखान्यातल्या एका जुन्या रेघेकडे जरा संशयाने पाहावं लागतं. अडीच किलोची ही रेघ फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो यूल्पो यांनी १९१९ मध्ये आखली, तीही मुळात अपुऱ्या दिवसांची बाळं ओळखण्यासाठी. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ‘२५०० ग्रॅमपेक्षा कमी’ ही कमी वजनाची व्याख्या केली, आणि आज आशाताईच्या वहीपासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापर्यंत तीच चालते. त्या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातली सुमारे १८ टक्के बाळं या रेघेखाली होती. रेघ मुलामुलींना एकच. आता २५५० ग्रॅमचा मुलगा आणि २४५० ग्रॅमची मुलगी शेजारी ठेवा. दोघंही आपापल्या मानकाच्या मध्यापासून सुमारे ७५० ग्रॅमच खाली आहेत, पण मुलीवर ‘कमी वजन’ असा शिक्का बसतो आणि मुलगा सुटतो. ज्याला पहिल्या महिन्यात जास्त जपायला हवं तोच सुटतो, हे विशेष. या रेघेमुळे मुलींचा आकडा फुगतो, आणि तो वाचून ‘मुलींचे गर्भातच हाल होतात’ असा निष्कर्ष काढणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. हेतू चांगला असला तरी तर्क चुकीचा आहे. गर्भात मुलगी आहे हे आईच्या शरीराला ठाऊक असतं, घराला नसतं, निदान कायद्याने तरी नसायला हवं. तिच्याशी दुजाभाव व्हायचा तो बहुतेक जन्मानंतर होतो, आणि त्याचा पुरावा शोधायचा तर काट्यावरच्या पहिल्या आकड्यात तो सापडत नाही. पुढच्या आकड्यांत सापडतो.

आता दोन्ही फरकांची परीक्षा एकाच कसोटीवर करू. आईचं पोषण सुधारलं तर फरकाचं काय होतं? मुलगा-मुलगी फरक मिटत नाही. उलट जिथे आया अर्धपोटी असतात तिथेच तो अनेकदा कमी दिसतो, कारण वेगाने वाढणाऱ्या मुलाला टंचाईचा फटका अधिक बसतो. पहिल्या-दुसऱ्याचा फरक याच्या नेमका उलट वागतो. डायेन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या नवजात मृत्यूंचा जन्मक्रमाशी संबंध तपासला. पाठच्या भावंडांना पहिल्या महिन्यात तगून राहण्याचा जो फायदा मिळतो तो इतर विकसनशील देशांपेक्षा भारतात बराच जास्त आहे, असं त्यांना आढळलं. कारण त्यांनी आईच्या वजनात शोधलं. भारतात बाई पहिल्यांदा गरोदर राहते तेव्हा ती आयुष्यातल्या सगळ्यात रोड अवस्थेच्या आसपास असते. वय वाढतं, मुलं होतात, घरातलं स्थान थोडं पक्कं होतं आणि तिचं वजनही वाढतं. कॉफी यांनीच २०१५ मध्ये काढलेला आकडा असा की भारतात गरोदरपण सुरू होताना ४२.२ टक्के बायका कमी वजनाच्या असतात. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे प्रमाण १६.५ टक्के आहे. आणि सरासरी भारतीय बाई गरोदरपणाच्या शेवटी जेवढी भरते, त्याहून सरासरी आफ्रिकी बाई सुरुवातीलाच जास्त भरते. हा शेवटचा तपशील मला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटतो. धमन्या रुंदावण्याचा निसर्गनियम दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पडतो तो बाई किती शिदोरी घेऊन गरोदर राहते यात.

यावर पहिला आक्षेप वयाचा. पहिलटकरीण लहान वयाची असते, म्हणून बाळ लहान. वय वेगळं काढलं तर जन्मक्रमाचं काही उरणार नाही, असं कोणी म्हणेल. मराठवाड्याच्या बाबतीत हा आक्षेप हलका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. धाराशिवला लागून असलेल्या बीडमध्ये हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत मुलीला मागे कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न असतो, आणि तोडीची उचल ‘कोयत्या’वर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर मिळते. लग्न लवकर लावण्याला मग पैशाचंही कारण मिळतं. पण अणदूरच्या नोंदींचं मोल इथेच कळतं. तिथे वय कमी असण्याचा तोटा वेगळा दिसला आणि पहिलटपणाचा तोटा वेगळा. आधी गरोदर राहिलेल्या बाईचा फायदा वयाच्या दोन्ही गटांत टिकला. म्हणजे लग्नाचं वय वाढवल्याने एक ओझं उतरतं, दुसरं तसंच राहतं. चोविसाव्या वर्षी लग्न होऊन वर्षाच्या आत दिवस गेलेली, चाळीस किलोची, बारीक चणीची मुलगीही पहिलटकरीणच असते.

दुसरा आक्षेप जुना आणि आरामदायी आहे: आपली माणसंच लहान चणीची, त्यात नवल काय. याला महाराष्ट्रातूनच उत्तर मिळतं. नवजात बाळांच्या आकाराची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पात जगातली आठ ठिकाणं होती आणि त्यांतलं एक नागपूर होतं. तिथे निरोगी, चांगलं खाणाऱ्या, पुरेशा उंचीच्या आयांची बाळं मोजली. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार बाळांच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी ठिकाणाच्या फरकामुळे पडणारा वाटा साडेतीन टक्क्यांहून जास्त नव्हता. नागपूरचं बाळ ऑक्सफर्डच्या किंवा सिएटलच्या बाळाइतकंच लांब होऊ शकतं. वजनात मात्र नागपूरची बाळं मागेच राहिली, हे लपवण्यात अर्थ नाही. एका पिढीत चांगलं खाऊन आजीच्या पिढीची उणीव पूर्ण भरून निघत नाही, असा त्याचा एक अर्थ लावता येतो आणि मला तो पटतो. तरी पहिल्या बाळाबद्दलचं म्हणणं यामुळे डळमळत नाही, कारण वंश हेच कारण असतं तर ते एकाच आईच्या पहिल्या आणि तिसऱ्या बाळाला सारखंच लागू पडलं असतं.

तिसरा आक्षेप आपल्या रीतीभातीतून येतो, आणि तो मला सगळ्यात रोचक वाटतो. पहिलं बाळंतपण तर माहेरी होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग लेक माहेरी, तिथे तिला कामाला हात लावू देत नाहीत, हवं ते खाऊ घालतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हे लाड उरत नाहीत. मग पहिलं बाळच गुटगुटीत व्हायला नको का? बाळ शेवटच्या तीन महिन्यांत वजन घेतं हे खरं, म्हणून माहेरपणाचा उपयोग नाही असं म्हणता येणार नाही. पण वार तयार होते ती पहिल्या काही महिन्यांत, सासरी, बहुतेक वेळा दिवस गेल्याचं कुणाला नीट सांगितलंही नसतं तेव्हा. नवी सून सगळ्यांत शेवटी जेवते, उरेल ते जेवते, पाणी भरते, शेतावर जाते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली गरोदर बायकांचा जो मोठा अभ्यास केला, त्यात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी कामाचा हिशेबही मांडला होता. ज्या आयांवर शेतकाम, पाणी आणणं अशा कष्टाचा भार जास्त होता त्यांची बाळं लहान निघाली. पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी निघाली, आणि हा फरक ताटातल्या एकूण उष्मांकांच्या फरकापेक्षा ठळक होता. घरात सुनेची पायरी कोणती हेसुद्धा बाळाच्या उंचीत उतरतं. कॉफी, रीतिका खेरा आणि स्पीअर्स यांनी ग्रामीण भारतातल्या एकत्र कुटुंबांची तुलना करून दाखवलं की धाकट्या जावेची मुलं थोरलीच्या मुलांपेक्षा बुटकी राहतात. घर तेच, चूल तीच. माहेरपण ही भरपाई आहे, पण ती सातव्या महिन्यात सुरू होते, आणि तूट त्याआधी दहा-पंधरा वर्षं साठत आलेली असते.

ही तूट किती जुनी असते याची साक्षही याच जिल्ह्यातून मिळते. तुळजापूर आणि लोहारा तालुक्यांतल्या गावांत २०१४-१५ मध्ये अहंकारी यांच्याच गटाने तेरा ते सतरा वयाच्या १०१० मुलींचं रक्त तपासलं. ८७ टक्के मुलींना रक्तक्षय होता. अणदूरच्या बाळंतपणाच्या नोंदींत ज्यांचं हिमोग्लोबिन तपासलं होतं अशा गरोदर बायकांपैकी ९१ टक्के रक्तक्षयी होत्या, आणि तरीही त्या अभ्यासात रक्तक्षयाचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. ‘मग रक्त कमी असून बिघडतं काय’ असं यावरून कुणी म्हटलं तर ती घाई होईल. शंभरातल्या एक्क्याण्णव जणींना जी गोष्ट आहे तिची तुलना करायला उरलेल्या नऊ जणी पुरत नाहीत. इंग्लंडचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्येच सांगून ठेवलं होतं की एखादं कारण समाजात सगळ्यांनाच लागू असेल तर व्यक्तीव्यक्तींची तुलना करून ते कधीच सापडत नाही. ते शोधायला दुसरा समाज शेजारी ठेवावा लागतो. वजनाच्या बाबतीत कॉफी यांनी आफ्रिका शेजारी ठेवली तेव्हा भारतातल्या नव्या सुनेचं दुबळेपण दिसलं, ते याच कारणाने.

आता उलट्या बाजूचा आक्षेप. पाठची बाळं मोठी होत असतील तर जास्त मुलं होऊ द्यावीत काय? पुण्याच्या त्याच अभ्यासातून या प्रश्नाला धक्का देणारं उत्तर निघतं. तिथल्या आया सरासरी एकवीस वर्षांच्या, १५२ सेंटिमीटर उंचीच्या, गरोदरपणाआधी ४२ किलो वजनाच्या होत्या. बाळं सरासरी २.७ किलोच्या आतबाहेर. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. ही दोन्हीकडची बाळं याज्ञिक यांच्या गटाने अवयवागणिक मोजली. पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नाही. पोटाचा घेर आणि स्नायू फार मागे पडले होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. बाळ रोड दिसतं आणि आत चरबी राखून असतं. पुढच्या आयुष्यात मधुमेहाकडे झुकण्याची ही सुरुवात असावी असा त्यांचा कयास. आणि २००५ मध्ये याच अभ्यासातून असं पुढे आलं की आईच्या बाळंतपणांची संख्या वाढते तसं बाळाचं वजन वाढतं खरं, पण त्याबरोबर चरबीही वाढते. काट्यावर दिसणारे जास्तीचे ग्रॅम सगळेच कमाईचे नसतात. शिवाय दोन बाळंतपणांत अठरा महिन्यांहून कमी अंतर राहिलं तर पुढच्या बाळाला कमी वजनाचा आणि लवकर जन्मण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांच्या आकडेवारीतून सिद्ध झालेलं आहे. रुंदावलेल्या धमन्यांचा फायदा रिकाम्या झालेल्या शरीरात वाया जातो. त्यामुळे मुद्दा पाठची मुलं वाढवण्याचा नाही. पहिल्या खेपेला आईची जी अवस्था असते ती दुसऱ्या खेपेच्या जवळ आणण्याचा आहे.

जन्मानंतर हे सगळं चित्र उलटतं की नाही, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये भारत आणि आफ्रिकेतले पंचवीस देश मिळून १,६८,००० हून अधिक मुलांच्या उंचीची तुलना केली. भारतातलं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा बुटकं नसतं. दुसऱ्यापासून भारतीय मुलं मागे पडायला लागतात आणि क्रमागणिक आणखी मागे जातात, असं त्यांनी मांडलं. कारण दिलं थोरल्या मुलग्याच्या हव्यासाचं: घर आपली पुंजी त्याच्यावर लावतं, आणि मुलगा होण्याची वाट पाहत जन्मलेल्या मुलींच्या वाट्याला कमी येतं. यावर स्पीअर्स, कॉफी आणि जेरे बेहरमन यांचा आक्षेप असा की तिसरं-चौथं मूल ज्या घरांत होतं ती घरं मुळातच जास्त गरीब आणि तिथल्या आया मुळातच बुटक्या. एकाच घरातली भावंडं एकमेकांशी ताडली की चित्र बदलतं. मला दुसऱ्या बाजूचा मुद्दा पद्धतीच्या दृष्टीने जास्त भक्कम वाटतो. पण त्यामुळे पहिल्या बाजूचा मुलींबद्दलचा मुद्दा खोटा ठरत नाही. जगात जवळपास सगळीकडे पाच वर्षांच्या आत मुलगे जास्त दगावतात. भारतात मात्र कितीतरी दशकं पहिला महिना सरला की पारडं मुलींच्या विरुद्ध झुकत आलं. जन्मतः जी जास्त चिवट होती, तीच नंतर मागे पडली. शंभर ग्रॅमच्या फरकात कुणाचा दोष नव्हता. हा उलटलेला हिशेब मात्र माणसांनी केलेला आहे.

याच हिशेबाने जन्माच्या नोंदवह्याही गाळून निघतात, आणि जन्मक्रम व लिंग यांवर लिहिणाऱ्याने ते विसरून चालत नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. ही गळती पहिल्या बाळाला सहसा होत नाही. पहिली मुलगी चालवून घेतली जाते. ती होते पहिल्या मुलीनंतरच्या दुसऱ्या गर्भाला. म्हणजे ‘दुसरी मुलगी’ या रकान्यात ज्या बाळांची वजनं आपण वाचतो ती अशा घरांतली असतात ज्यांनी तपासणी केली नाही: काही तत्त्वाने, काही पैसा किंवा ओळख नसल्याने. ‘दुसरा मुलगा’ या रकान्यात मात्र दोन्ही प्रकारची घरं येतात. या दोन रकान्यांची सरासरी काढून जीवशास्त्र सांगायला गेलं तर त्यात घरांची निवड मिसळलेली असते. काही पाश्चात्त्य अभ्यासांत आढळलंय की भावाच्या पाठीवर आलेला मुलगा बहिणीच्या पाठीवर आलेल्या मुलापेक्षा किंचित हलका जन्मतो. आपल्याकडे असा बारकावा शोधायला सध्याच्या नोंदी निर्मळ नाहीत. नोंदवह्यांत २५०० आणि ३००० हे गोल आकडे गरजेपेक्षा जास्त वेळा येतात, ही अडचण त्याहून वेगळी. झोळीच्या काट्यावर काटा हलत असताना सिस्टरने जवळचा सोपा आकडा लिहिला तर तिला बोल लावता येत नाही, पण रेघ नेमकी २५०० वर असल्याने त्या सोप्या आकड्यामुळे बाळ रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरतं.

सरकारी योजनाही जन्मक्रम आणि लिंग या दोनच गोष्टींवर बेतलेली आहे, म्हणून शेवटी तिच्याकडे वळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने तो पहिल्या मुलापुरता आणि पाच हजारांपर्यंत आखडला. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार देण्याची भर त्यात पडली. पाठच्या मुलांना वगळलं म्हणून योजनेवर टीका झाली, आणि हक्काचा विचार केला तर ती रास्त आहे. बाळाच्या आकारापुरतं पाहिलं तर पहिल्या खेपेला मदत देणं चुकीचं नाही, कारण तूट तिथेच सगळ्यात मोठी असते. चूक वेळेची आहे. पहिला हप्ता गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर मिळतो, म्हणजे बाईचं मूळ वजन ठरून गेल्यावर आणि वार रुजल्यावर. दुसऱ्या मुलीचे सहा हजार तिच्या जन्मानंतर मिळतात. त्यांनी तिच्या वजनात एका ग्रॅमचाही फरक पडत नाही, आणि तो त्यांचा हेतूही नाही. ती जन्माला यावी एवढाच तो हेतू. पहिल्या बाळाचं वजन वाढवायचं असेल तर पैसा, लोह आणि दूध पोचायला हवं ते पाळी सुरू झालेल्या शाळकरी मुलीपर्यंत आणि लग्न होऊन वर्ष न झालेल्या सुनेपर्यंत. तुळजापूर आणि लोहाऱ्यात रक्त तपासलेल्या त्या हजारभर मुली तेव्हा तेरा ते सतरा वर्षांच्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींची पहिली बाळंतपणं आता होऊन गेलेली असणार.